‘वाफ द्या’ म्हणजे नेमकी कोणती वाफ?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत पंधरवड्यापूर्वी हिवाळ्यातील खोकल्यावर जो लेख प्रसिद्ध झाला, तो एरवी उपयोगाचा होता. मात्र त्यात ‘लहान मुलांना रात्री ढास लागल्यास वाफ द्यावी’ असे एक वाक्य होते आणि त्या एका वाक्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे. पुण्यातील एका रुग्णालयाच्या बालविभागात १९८४ पासून २०१५ पर्यंत मी परिचारिका होते. त्या एकतीस वर्षांत ‘वाफ’ या शब्दाने घातलेला घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की, तो शब्द छापील मजकुरात एकटाच दिसला तरी मी थबकते. पातेल्यातील उकळत्या पाण्यावर टॉवेल पांघरून घेतात तीही आपल्याकडे वाफच, आणि दवाखान्यात यंत्राला (नेब्युलायझरला) नळी व मास्क जोडून औषधाचे गार तुषार नाकातोंडावर सोडतात तीही वाफच. डॉक्टर घाईत ‘दोन वेळा वाफ द्या’ असे सांगतात तेव्हा त्यांच्या मनात दुसरी असते. घरी पोहोचेपर्यंत तिची पहिली झालेली असते.

हा घोटाळा सर्वांत महागात पडतो तो क्रूप या, लहान मुलांच्या गळ्यातली श्वासाची वाट सुजवणाऱ्या आजारात. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या यांना आपल्याकडे जुनी नावे आहेत. क्रूपला मराठीत रुळलेले नाव नाही, त्यामुळे तो कधी ‘घसा बसला’ म्हणून, कधी ‘सर्दी छातीत उतरली’ म्हणून, तर कधी उगाच डांग्या खोकला म्हणून ओळखला जातो. इंग्रजीतील हा शब्दही मूळचा स्कॉटलंडच्या बोलीतला, घोगऱ्या आवाजात ओरडणे या अर्थाचा. एडिंबरोचे वैद्य फ्रान्सिस होम यांनी १७६५ मध्ये या आजारावर निबंध लिहिला आणि लोकांच्या तोंडचा शब्द वैद्यकात नेला. आपल्याकडे आयांचे कान तितकेच तिखट असूनही नाव मात्र राहून गेले, आणि ज्याला नाव नाही तो आजार फोनवर डॉक्टरांना सांगायचा तरी कसा, हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो.

गेल्या मार्गशीर्षात तो आमच्याच घरात उभा राहिला. माझा नातू तेव्हा वीस महिन्यांचा होता. दोन दिवस नाक वाहत होते, अंग किंचित कोमट होते, खाणेपिणे बरे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा आवाज बसला आणि ‘आजी’ म्हणताना नुसता वारा बाहेर येऊ लागला, तेव्हा घरातल्यांना त्याचे कौतुकच वाटले. (गणपतीच्या दिवसांत असे झाले की ‘मोरया मोरया ओरडून घसा बसला’ असे म्हणून आपण मोकळे होतो, दीड-दोन वर्षांच्या मुलाचा आवाज सर्दीबरोबर बसला तर त्या रात्री कान उघडे ठेवून झोपावे, एवढे तरी ध्यानात असावे.) रात्री पावणेदोनच्या सुमारास सूनबाईला जाग आली ती खाली पार्किंगमध्ये कुत्रे भुंकते आहे असे वाटून. आवाज पाळण्यातून येत होता. तो खोकला छातीतला ओला, कफाचा खोकला नव्हता. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भुंकल्यासारखा, कोरडा आणि कडक होता. दोन खोकल्यांच्या मध्ये मूल श्वास आत ओढताना गळ्यातून एक बारीक, खरखरीत शीळ वाजत होती, आणि प्रत्येक श्वासाला छातीच्या हाडाच्या वरचा, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता.

माझ्या मुलाने त्या क्षणी जे केले ते पुण्यातल्या कुठल्याही बापाने केले असते: कपाटातून वाफेचे यंत्र काढले आणि त्यात पाणी भरले. मी त्याला थांबवले. नातवाला शालीत गुंडाळून, आईच्या मांडीवर उभे धरून, आम्ही गॅलरीचे दार उघडून तेथे बसलो. बाहेर चांगलीच थंडी होती. दहा-बारा मिनिटांत त्याचे रडणे थांबले आणि रडणे थांबताच गळ्यातली शीळ निम्म्यावर आली. शेजाऱ्यांना आम्ही वेडे वाटलो असू, कारण खोकणाऱ्या मुलाला थंडीच्या रात्री उघड्यावर घेऊन बसणे हे आपल्या सगळ्या संस्कारांच्या विरुद्ध आहे.

हे असे का होते, ते एकदा नीट समजले की पुढचे पुष्कळसे आपोआप समजते. क्रूप हा विषाणूंचा आजार आहे. बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा कुळातील विषाणू, त्यातही पहिल्या प्रकारचा, त्याला कारण असतो. फ्लू, आरएसव्ही, ॲडिनो आणि करोना विषाणूंनीही तो होतो, आणि २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनच्या लाटेत अनेक देशांतील बालरुग्णालयांत क्रूपची मुले एकाएकी वाढली होती. हा विषाणू नाकातून सुरू होऊन स्वरयंत्रापर्यंत उतरतो आणि स्वरयंत्राच्या लगेच खाली जी अरुंद जागा आहे तेथील आतले अस्तर सुजवतो. श्वासनलिकेचा बाकीचा भाग मागच्या बाजूने मऊ असतो. या एकाच ठिकाणी कूर्चेचे पूर्ण बंद कडे असते, बांगडीसारखे. सूज बाहेरच्या बाजूला सरकू शकत नाही, म्हणून ती आतच येते. तान्ह्या मुलाच्या त्या वाटेचा व्यास साधारण ४ मिलिमीटर धरला आणि सगळीकडून फक्त १ मिलिमीटर सूज आली असे मानले, तर वाट एकचतुर्थांश उरते आणि हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेत तीच सूज अडथळा जेमतेम तिप्पट करते. म्हणूनच घरातल्या सगळ्यांना एकाच विषाणूची सर्दी झालेली असताना आजोबांचा नुसता घसा खवखवतो आणि नातवाचा श्वास अडतो. सहा महिने ते तीन वर्षे हे या आजाराचे मुख्य वय, त्यातही दुसरे वर्ष अधिक. सहा वर्षांनंतर तो क्वचितच दिसतो. रात्री तो बळावतो, आणि पहिल्यापेक्षा दुसरी रात्र अधिक अवघड जाऊ शकते. मूल रडले की ते जोराने हवा ओढते, त्या ओढीने आधीच अरुंद असलेली मऊ वाट आणखी आत खेचली जाते, शीळ वाढते, आई घाबरते, आईला पाहून मूल अधिक रडते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा पहिला भाग आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी ‘कान उघडे ठेवावे’ म्हटले ती सांगते. श्वासाचा आवाज येतो आहे, एवढे सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. तो आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना, हे सांगावे. मुलाच्या अंगातला सदरा काढावा, पोटावर हलका हात ठेवावा आणि पाहावे. छाती फुलत असताना आवाज वाजत असेल तर अडथळा वर, गळ्यात आहे. क्रूपचा आवाज हाच. छाती खाली बसत असताना सूं-सूं वाजत असेल तर अडथळा खाली, छातीतल्या बारीक नळ्यांत आहे. तो दम्याचा किंवा बालदम्यासारख्या आजाराचा. दोन्हींना घरोघरी ‘घरघर’ हा एकच शब्द आहे, आणि दोन्हींची औषधे पूर्ण वेगळी आहेत. पुढची पायरी अशी की मूल शांत असताना, झोपेत किंवा मांडीवर स्वस्थ असताना, ही शीळ ऐकू येते का ते पाहावे. फक्त खोकताना किंवा रडतानाच ती येत असेल तर आजार सौम्य आहे आणि सकाळी डॉक्टरांकडे जाता येईल; स्वस्थ असतानाही येत असेल, बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खळगे पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवावे, छाती उघडी दिसेल असे. गार हवेतून दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल बरेचदा हसू लागलेले असते, आणि मग रात्रपाळीच्या डॉक्टरांना आईच्या सांगण्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. शीळ पूर्ण थांबली नव्हती म्हणून आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ‘सत्त्याण्णव आहे, काळजी नको’ असे सांगितले आणि ‘वाफ’ द्यायला सांगितली. ही दुसऱ्या प्रकारची वाफ, परंतु त्यात औषध होते साल्ब्युटामॉल. दोघांनी धरून, मास्क तोंडावर दाबून, रडत्या मुलाला ते दिले गेले. साल्ब्युटामॉल छातीतल्या नळ्यांचे आखडलेले स्नायू सैल करते, गळ्यातली सूज त्याने उतरत नाही, आणि रडण्याने जे व्हायचे ते झाले. मग एक प्रतिजैविक आणि एक खोकल्याचे सिरप लिहून आम्हाला घरी पाठवण्यात आले. मी सगळे पाहत होते आणि गप्प होते. तेथे मी आजी म्हणून गेले होते, आणि निवृत्त परिचारिकेने दुसऱ्याच्या दवाखान्यात तोंड उघडावे की नाही याचा निर्णय मला पायऱ्या उतरेपर्यंत घेता आला नाही. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग नाही; रात्री अडीच वाजता एकट्याने वीस माणसे पाहणे काय असते ते मला ठाऊक आहे. राग असलाच तर तो माझ्या त्या गप्प बसण्याचा आहे.

येथे ऑक्सिमीटरविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण करोनाच्या साथीपासून ते यंत्र घरोघरी आले आहे. वरच्या वाटेतील अडथळ्यात रक्तातला प्राणवायू बराच उशिरापर्यंत चांगला राहतो. मूल जिवाच्या आकांताने श्वास ओढून तो टिकवत असते. आकडा उतरतो तो मूल थकल्यावर. म्हणजे सत्त्याण्णव हा आकडा पाहून निर्धास्त होणे चुकीचे, आणि आकडा नव्वदच्या खाली गेल्यावर धावाधाव करणे म्हणजे फार उशीर. अशा वेळी मुलाकडे पाहावे, यंत्राकडे नंतर.

गाडीत बसताच मी मुलाला सांगितले की गाडी घराकडे न नेता बालरोग विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे घे. तेथील डॉक्टरांनी नातवाला आईच्या मांडीवरून उचललेसुद्धा नाही. दोन हात अंतरावरून त्याच्या गळ्याखालच्या खळग्याकडे पाहिले, मोबाइलवरचे चित्रीकरण कानाशी धरून ऐकले, वजन विचारले, आणि डेक्सामेथासोनची एक मात्रा गोड पाण्यात मिसळून सिरिंजने हळूहळू गालाच्या आत सोडली. सुई नाही, मास्क नाही, क्ष-किरण चित्र नाही. पहाटे साडेचारला तो आईच्या खांद्यावर झोपला होता आणि श्वास वाजत नव्हता. 

क्रूपचे मुख्य औषध हेच आहे आणि ते काही नवे किंवा महाग नाही. डेक्सामेथासोन हे तेच स्टेरॉइड, जे २०२० मध्ये करोनाच्या गंभीर रुग्णांसाठी उपयोगी ठरल्याने सर्वांच्या तोंडी झाले. क्रूपमध्ये ते तोंडावाटे, बहुधा एकदाच, मुलाच्या दर किलो वजनामागे ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. दोन तासांच्या आत, कधी त्याहूनही लवकर, गुण दिसू लागतो आणि परिणाम दीड-दोन दिवस टिकतो, म्हणजे आजाराच्या अवघड रात्री त्यात निघून जातात. पूर्वी ते फक्त अत्यवस्थ मुलांना देत. २००४ मध्ये कॅनडातील ७२० मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सगळी मुले सौम्य क्रूपची होती. ज्यांना हे औषध मिळाले त्यांतील शंभरात सात मुलांना पुन्हा डॉक्टरांकडे यावे लागले, ज्यांना मिळाले नाही त्यांतील शंभरात पंधरांना. तेव्हापासून सौम्य आजारातही ते द्यावे असे मत स्थिर झाले. मात्र ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच पालकांचा चेहरा पडतो, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या बातम्यांनंतर तर अधिकच. मधुमेही प्रौढांना कित्येक दिवस दिलेल्या मोठ्या मात्रा आणि धडधाकट मुलाला दिलेली एक मात्रा यांची तुलना होऊ शकत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवे. पण ते द्यायचे की नाही आणि किती, हे त्यांनीच ठरवावे, कारण मुलाला नुकत्याच कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा आणखी काही आजार असेल तर हिशेब बदलतो. औषधाच्या दुकानात जाऊन ‘क्रूपची गोळी द्या’ असे कोणी म्हणू लागेल, यासाठी हे पत्र नाही.

आजार जास्त असेल, स्वस्थ असतानाही शीळ येत असेल, तर याच्या जोडीला ॲड्रेनलिन नेब्युलायझरने देतात. क्रूपसाठीची खरी ‘वाफ’ ती. तिने सूज दहा ते तीस मिनिटांत ओसरते, मूल टवटवीत दिसू लागते आणि घरची मंडळी निघायची घाई करू लागतात. तेथे थांबायला हवे, कारण तिचा परिणाम साधारण दोन तासांत संपतो आणि सूज परतू शकते. म्हणून दोन ते चार तास मुलाला नजरेसमोर ठेवायला सांगतात. बालविभागात असताना ‘सिस्टर, बरा आहे की आता, कशाला अडवता?’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही, आणि तेवढ्याच वेळा दारात उभे राहून वडिलांशी वाद घातला आहे. म्हणून पालकांनी दवाखान्यात ‘वाफ’ देताना ‘यात औषध कोणते आहे?’ एवढे विनयाने विचारावे. चांगल्या डॉक्टरांना त्या प्रश्नाचा राग येत नाही.

पातेल्याच्या वाफेविषयी मी इतके ठामपणे बोलते आहे, तर माझा स्वतःचा हिशेबही मांडायला हवा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत क्रूपच्या मुलांसाठी आम्ही खाटेच्या कठड्यांवर चादरी बांधून तंबू करीत असू आणि लांब तोंडाच्या किटलीने आत वाफ सोडीत असू. मी असे तंबू कित्येक बांधले आहेत, चादरीच्या कोपऱ्यांना गाठ कशी मारायची ते नव्या मुलींना शिकवले आहे. आत मुलाला आई दिसत नसे, कपडे ओलेचिंब होत आणि ते तासभर रडत असे. त्या काळी पुस्तकांत तसेच होते. पुढे टोरोंटोच्या बालरुग्णालयात १४० मुलांवर काळजीपूर्वक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले: हवा पूर्ण दमट असो वा नसो, मध्यम क्रूपच्या मुलांना काडीचा फरक पडला नाही. आमची किटली तोवर अडगळीत गेली होती. घरांतली गेली नाही. नव्वदच्या दशकात पेठेतल्या एका वाड्यातून आलेली दोन वर्षांची मुलगी मला अजून आठवते. खोकल्यासाठी बाजेखाली उकळत्या पाण्याचे पातेले ठेवून वरून रजई सोडली होती. मुलगी हात-पाय झाडताना सरकली. पोट आणि दोन्ही मांड्या भाजल्या. खोकला तिसऱ्या दिवशी थांबला, तो कशानेही थांबणारच होता. ती आमच्याकडे सत्तावीस दिवस होती, आणि पट्ट्या बदलायची ट्रॉली दारात दिसली की जी किंकाळी येई, ती ऐकल्यानंतर ‘वाफेने निदान नुकसान तरी नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही.

गार हवेची गोष्ट उलट झाली. अनेक देशांतील आजीबायका आणि जुने डॉक्टर सांगत आले की क्रूपच्या मुलाला थंड हवेत न्यावे, आणि शास्त्राकडे त्याचा पुरावा नव्हता. २०२३ मध्ये जिनिव्हातून ११८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: सगळ्यांना डेक्सामेथासोन दिले, आणि औषध लागू पडेपर्यंतचा अर्धा तास निम्म्या मुलांना दहा अंशांखालच्या बाहेरच्या हवेत, निम्म्यांना आत बसवले. बाहेरच्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ठळक उतार पडला, आतल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला. पुण्यात दहाच्या खाली पारा डिसेंबर-जानेवारीच्या मोजक्या रात्री जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये गॅलरीत बसून तेच घडेल असे मी म्हणत नाही. आणि गार हवा ही औषधाची जागा घेत नाही, दवाखान्यात निघेपर्यंतची सोबत आहे. मुलाला नीट गुंडाळून, मांडीवर उभे धरून बसावे, आडवे निजवू नये, ते मागेल तर घोट-घोट पाणी किंवा दूध द्यावे, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. छातीला ओव्याची पुरचुंडी शेकल्याने आजीला बरे वाटते, तेवढ्यापुरते चालेल. कापूर किंवा मेंथॉलचे मलम मात्र तान्ह्या मुलाच्या नाकाशी नेऊ नये.

खोकल्याच्या सिरपविषयी आता नव्याने सांगायला नको असे मला वाटत होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची मुले दूषित सिरपमुळे दगावली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. दोन महिने उलटत नाहीत तोच वीस महिन्यांच्या मुलाच्या चिठ्ठीवर ते औषध होते. सिरप शुद्ध असले तरी क्रूपच्या सुजेवर ते काही करीत नाही. गुंगी आणणारे असेल तर उलट मूल थकले आहे की औषधाने पेंगले आहे, हेच कळेनासे होते. प्रतिजैविकाचेही तसेच; विषाणूवर ते चालत नाही.

काही आजार क्रूपचे सोंग घेऊन येतात आणि त्यांत मिनिटांचा हिशेब असतो. मूल तोंडातून लाळ गाळते आहे, गिळत नाही, हनुवटी पुढे काढून बसले आहे, ताप खूप आहे आणि भुंकणारा खोकला जवळजवळ नाहीच, असे असेल तर श्वासमार्गावरचे झाकण सुजलेले असू शकते. हिब जंतूवरील लस आल्यापासून तो आजार दुर्मीळ झाला. आपल्या सरकारी लसीकरणात ती २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या पंचगुणी लसीतून दिली जाते. घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि मान सुजते. तो आपल्या देशातून गेलेला नाही, आणि दीड वर्षाचा व पाच वर्षांचा बूस्टर चुकवणारी घरे कोथरूडमध्येही मला माहीत आहेत. सर्दी नाही, ताप नाही, खेळता-खेळता एकाएकी ठसका लागून श्वास वाजू लागला, तर शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका किंवा खेळण्याचा तुकडा अडकला आहे असेच समजावे; ज्या शहरात दाण्याची वाटी चार फुटांच्या टेबलावर उघडी असते तेथे हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आणि यांपैकी कशातही, क्रूपमध्येसुद्धा, ‘घसा बघू’ म्हणून मुलाच्या तोंडात चमचा घालू नये. सुजलेल्या वाटेला तो एक धक्का पुरेसा होतो.

ओठ निळसर दिसणे, मूल एकदम गळून जाणे, किंवा मोठी शीळ आपोआप बारीक होत जाणे आणि मूल मात्र पांढरेफटक व सुस्त दिसणे, ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. शेवटच्या लक्षणाने पालक फसतात. आवाज कमी झाला म्हणजे बरे वाटले असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात आवाज करण्याइतकी हवाच आत जात नसते. हे सांगून घाबरवण्याचा हेतू नाही. क्रूपच्या बहुसंख्य मुलांचा खोकला दोन-तीन दिवसांत शमतो, रुग्णालयात ठेवावी लागणारी मुले शंभरात पाचाहून कमी असतात, आणि श्वासासाठी घशात नळी घालण्याची वेळ त्यांतल्याही अगदी थोड्यांवर येते.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, पुरवणीतल्या त्या वाक्याचा खुलासा छापावा, आणि यापुढे लहान मुलांच्या संदर्भात ‘वाफ’ हा शब्द आला तर उकळत्या पाण्याची की नेब्युलायझरची, हे लेखकाकडून लिहून घ्यावे. दुसरी, थंडी सुरू होण्याआधी आणि पावसाळ्यात, अशी वर्षातून दोनदा, या खोकल्याची छोटी चौकट द्यावी. पाळणाघरांच्या भिंतीवर ती चिकटवता येईल. आमच्या परिसरातल्या एका पाळणाघरात मी हाताने लिहून लावली आहे, परंतु तेथील ताईंचे म्हणणे असे की छापील कागदावर पालकांचा विश्वास जास्त बसतो.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी ते कापावे लागल्यास स्कॉटलंडचा मजकूर आणि माझ्या नातवाची हकिकत खुशाल गाळावी. श्वास आत घेताना वाजतो की सोडताना, तो परिच्छेद मात्र पूर्ण ठेवावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे